फितीची जागा

लोक म्हणतात हेवा वाटला. हेवा हा फार सभ्य शब्द झाला. माझी धाकटी जाऊ चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला उभी राहिली की माझ्या पोटात दुखायचं, आणि वाचून खाली बसली की जास्त दुखायचं. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात ते दागिन्यांवरून, स्वयंपाकघरावरून, सासूच्या मर्जीवरून. आमचा दावा देवाच्या वचनावरून होता. म्हणजे माझा होता. तिला बिचारीला खटला चालू असल्याचीच खबर नव्हती.

एकतीस वर्षं दर रविवारी पवित्र शास्त्रातलं वाचन मी केलं. दोन्ही बाळंतपणं सोडली तर एक रविवार चुकवला नाही. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांना काचा घासून, बसवून द्यायच्या आणि रविवारी स्वतःचा चष्मा पुसून उंच मेजापाशी उभं राहायचं. आणि देवाचा विनोद बघा, डोळे गेले ते माझेच. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं, ऑपरेशनने न जाणारं. कडेचं सगळं दिसतं, पण जे बघायचं नेमकं तेच पुसट होतं. दोन वर्षं मी कुणाला कळू दिलं नाही. निम्मं भिंगातून, निम्मं तोंडपाठ, असं रेटलं. मग एका रविवारी वाचताना तीन ओळी गाळल्या. मंडळीतल्या अर्ध्या लोकांना त्या ओळी येत होत्या, त्यामुळे अर्धं चर्च मान वर करून माझ्याकडे बघायला लागलं.

त्याच वर्षी धाकटे दीर बदली होऊन घरी परतले आणि त्यांच्याबरोबर ही आली. बावीस वर्षं बस स्थानकावर घोषणा करायची नोकरी केलेली. कुठली गाडी कुठे लागली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय, हे सांगण्यात जन्म गेलेला. पाळकांनी मला विचारलं, "ताई, तुमच्या जाऊबाईंना वाचायला सांगू का? तुम्हालाही विश्रांती." मी म्हटलं, "सांगा की." त्या दोन शब्दांना किती ताकद लागली ते माझं मला ठाऊक. मनात म्हटलं, बस स्टँडवरची बाई, गाडी सुटल्यासारखं वाचेल आणि हसं होईल.

हसं झालं नाही. तिने वाचलं तेव्हा मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना "काय म्हणाली" विचारलं नाही. पण ते मी सोसलं असतं. सोसलं नाही ते माझ्या सासऱ्यांचं. सासरे पहिल्या बाकावर बसायचे, डावा कान पूर्ण गेलेला, उजवा अर्धा. एकतीस वर्षं मी वाचत असताना त्यांचा पंजा उजव्या कानामागे असायचा आणि मान माझ्याकडे झुकलेली. त्या दिवशी धाकटीची पहिली ओळ झाली आणि त्यांनी हात खाली घेतला. मांडीवर ठेवला. आरामात, टेकून बसून ऐकलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सासऱ्यांचा किल्ल्या बनवण्याचा धंदा होता. कुलपं दुरुस्त करायचे, जुन्या किल्ल्यांवरून नव्या घासून द्यायचे. मला वाचायला उभं केलं ते त्यांनीच. त्या वेळी आमच्या मंडळीत एक लाकूडवाला वाचन करायचा आणि त्याचं शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण होतं. त्याने लागोपाठ तीन रविवार, शेजाऱ्याच्या हद्दीचा दगड सरकवणाऱ्याला शाप असल्याची जागा काढून, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत वाचली. चौथ्या रविवारी मारामारी झाली. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: शनिवारी संध्याकाळी पाळक पुस्तकात खुणेची फीत घालतील, वाचणाऱ्याला जागा आधी सांगतील, आणि मेजापाशी उभं राहिल्यावर वाचणाऱ्याने फीत जिथे आहे तिथेच उघडायचं. पान उलटायचं नाही. फीत तिथे पाठ. त्यानंतर हे कुणी मोडलं नव्हतं.

त्या मारामारीनंतर लोक म्हणत होते, असल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं वचन फुकट गेलं. सासरे म्हणाले, "चोराच्या हातातली किल्लीसुद्धा कुलूप उघडतेच. किल्ली खरी असली म्हणजे झालं." मला तेव्हा ते बोलणं पटलं नव्हतं. मला वाटायचं, वाचणारा चांगला हवा. म्हणजे माझ्यासारखा.

फेब्रुवारीत सासरे गेले. एक्याण्णव वर्षांचे होते, सकाळी दाढी केली, खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्याच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना आणि मग दफन ठरलं. घरात माणसं भरलेली होती. सासूबाई खाटेवर बसून होत्या, डोळे कोरडे. लोक येत होते, हात हातात घेऊन म्हणत होते, रडू नका, ते चांगल्या जागी गेले. सासूबाई म्हणत होत्या, "रडत कुठे आहे?" आणि खरंच रडत नव्हत्या. सकाळपासून एक घोट पाण्याशिवाय त्यांनी काही घेतलं नव्हतं. मला त्याची काळजी वाटत होती.

पाळकांनी विचारलं, शास्त्रपाठ कोण वाचणार. मी पदर सावरला. माझ्या मनात शंकाच नव्हती. मेंढपाळाचं स्तोत्र वाचायचं ठरलं होतं, ते मला झोपेतसुद्धा येतं.

"धाकटी वाचेल," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते मला तोंडपाठ आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच नको. तोंडपाठ म्हणताना तू मागे तीन ओळी गाळल्यास. त्यांच्या वेळेला गाळलेलं नको."

चार माणसांत बोलल्या. धाकटी शेजारी उभी होती, म्हणाली, "आई, वहिनींनाच वाचू द्या ना, मला जमेल असं वाटत नाही." तिचं हे नको म्हणणं मला जास्त झोंबलं. दिलेलं पद नाकारायची श्रीमंती तिच्याकडे होती. मी हसून म्हटलं, "अगं वाच तू, तुझा आवाज चांगला आहे." आणि आत जाऊन कपबशा विसळल्या, विसळलेल्या पुन्हा विसळल्या.

चर्चमधल्या मेजावर कापड घालायचं आणि पुस्तकावरची धूळ पुसायची हे काम अजून माझ्याकडेच होतं. वाचन काढून घेतलं तेव्हा कुणाला तरी माझी दया आली असावी, म्हणून हे ठेवलं. दफनाच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेले. किल्ली माझ्याकडे असते. आत कुणी नव्हतं. कापड झटकून घातलं, चारी टोकं सारखी केली, पुस्तक ठेवलं. फीत मधोमध होती, स्तोत्रांत.

एकतीस वर्षांत मी त्या फितीला धूळ पुसण्याखेरीज बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी लावलं.

काय करायचं ते मला चर्चमध्ये येण्याआधीच माहीत होतं. घरून निघतानाच दुकानातलं भिंग पिशवीत टाकलं होतं, म्हणजे बघा. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला, पाचव्या अध्यायात, वंशावळ आहे. पहिल्या माणसापासून दहा पिढ्यांची. नुसती नावं आणि आकडे. अमका इतक्या वर्षांचा असताना त्याला अमका झाला, त्यानंतर तो इतकी वर्षं जगला, त्याला मुलगे आणि मुली झाल्या, आणि तो मेला. मग पुढचा. एकतीस वर्षांत एकाही पाळकाने तिथे फीत घातली नव्हती. मीही घरी वाचताना ती पानं ओलांडून पुढे जायचे. मी भिंग लावून ती जागा शोधली आणि फीत तिथे घातली.

बेत असा होता. ती उघडेल, तर स्तोत्र नाही. पान उलटायचं नाही हा नियम. ती गोंधळेल, अडखळेल, नावं चुकेल. मग मी बाकावरून उठेन आणि जागेवरूनच मेंढपाळाचं स्तोत्र म्हणेन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही न गाळता. सासूबाई ऐकतील. सगळे ऐकतील. सासऱ्यांना त्यांच्या थोरल्या सुनेच्या तोंडचं वचन ऐकून निरोप मिळेल. हे मी स्वतःला इतकं नीट समजावलं की मला ते त्यांच्यासाठीच करतेय असं वाटायला लागलं.

चर्च भरलं. सासऱ्यांची पेटी पुढे ठेवली होती. माझी जागा सासूबाईंच्या शेजारी होती. पाळकांनी प्रार्थना केली आणि धाकटीला खूण केली. ती मेजापाशी गेली, फीत धरून पुस्तक उघडलं आणि थांबली. मी पाहिलं, म्हणजे मधला भाग पुसट, पण कडेने पाहिलं की तिने मेजाच्या कडा घट्ट धरल्यात. तिने मागे पाळकांकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. मी पाय जुळवले, उठण्यासाठी.

आणि ती वाचायला लागली.

आता मी किती शहाणी ते ऐका. नावांची यादी मी कुणापुढे ठेवली होती? बावीस वर्षं नावांच्या याद्याच वाचलेल्या बाईपुढे. गावांची नावं, थांब्यांची नावं, हरवलेल्या मुलांची नावं. ज्या नावांवर मोठे मोठे पाळक घसरतात ती नावं तिने एकेक करून, घाई न करता, जणू प्रत्येकाची माणसं खाली उभी राहून वाट बघताहेत अशी वाचली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मी उठण्याच्या बेतात होते ती तशीच अर्धवट, बाकाच्या कडेवर.

पहिला माणूस इतकी वर्षं जगला, त्याला मुलगे आणि मुली झाल्या, आणि तो मेला. दुसरा. आणि तो मेला. तिसरा. आणि तो मेला. चर्चमध्ये पाचव्या-सहाव्या नावापर्यंत लोक चुळबुळत होते. पाळक मागे ताठ बसले होते. मग चुळबूळ थांबली. प्रत्येक वेळी "आणि तो मेला" आलं की ती एवढंसं थांबायची आणि त्या थांबण्यात सगळ्यांची नजर पेटीकडे जायची.

शेजारी सासूबाई पुटपुटायला लागल्या. मला आधी कळलं नाही. मग ऐकू आलं. प्रत्येक नावाच्या शेवटी, धाकटीच्या बरोबर, त्या हळूच म्हणत होत्या, "आणि तो मेला." एकाच्या बाबतीत मात्र तसं लिहिलेलं नाही, तो देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेलं, एवढंच आहे. तिथे सासूबाई थबकल्या, आणि पुढच्या नावाला पुन्हा त्यांचा आवाज मिळाला. पण आता तो फुटला होता. त्या रडत होत्या. दोन दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारख्या. त्यांनी आधारासाठी हात पुढे केला तो माझ्या मांडीवर पडला, आणि तो धरायला मला स्वतःची लाज वाटली.

दफन करून घरी आलो. सासूबाईंनी चहा मागितला आणि त्यात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली. खोलीत आम्ही घरचेच होतो, आणि पाळक.

"दोन दिवस सगळे मला सांगताहेत रडू नको," सासूबाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदा कुणीतरी सरळ सांगितलं की माणूस मेला. नऊशे वर्षं जगले ते लोक, तरी शेवटी तेच. आणि केलं काय म्हणे त्यांनी? काही नाही. जगले, मुलंबाळं झाली, मेले. आमच्यांनी तरी दुसरं काय केलं? किल्ल्या घासल्या. तरी देवाने प्रत्येकाचं नाव लिहून ठेवलंय, एकही गाळलेलं नाही." त्यांनी धाकटीचा हात धरला. "तू फार चांगली जागा काढलीस गं."

खोटं कशाला बोलू. एवढं सगळं होऊन, त्या म्हातारीला रडू फुटलेलं बघूनही, मला पहिल्यांदा वाटलं ते हे की श्रेय तिला मिळालं.

"मी नाही काढली, आई," धाकटी म्हणाली. "मला पाळकांनी स्तोत्र सांगितलं होतं. रात्रभर घोकत होते आणि दर वेळी दुसऱ्या ओळीला रडू येत होतं. मला ते वाचताच आलं नसतं. मेजापाशी गेले तर फीत दुसरीकडे." ती माझ्याकडे वळली. "कापड वहिनी घालतात. मी तेव्हाच ओळखलं. काल मी म्हटलं ना मला जमणार नाही म्हणून, तर वहिनींनी माझ्यासाठी नावं काढून ठेवली. नावं मला वाचता येतात. त्यांनी मला वाचवलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दिरांच्या डोळ्यांत पाणी होतं. आमचे हे, ज्यांनी लग्नापासून कधी माझं तोंडावर कौतुक केलं नाही, ते म्हणाले, "तिला शास्त्राची फार जाण आहे." फक्त पाळक कपात बघत होते. चहा संपलेला होता.

मूग गिळून बसले असते तर ते पदक जन्मभर माझं होतं. आणि मला ते हवं होतं, हेही सांगते. मी तोंड उघडलं ते "अगं त्यात काय" म्हणायलाच. पण सासूबाई म्हणाल्या, "हेच त्यांना आवडलं असतं. तू वाचायचीस तेव्हा एक शब्द सुटू नये म्हणून कान पुढे करून बसायचे. धाकटीचं ऐकू यायचं तर निवांत बसायचे. घरी येऊन मला म्हणायचे, थोरलीचं ऐकायला कष्ट पडतात, पण तिची तळमळ खरी आहे."

"खरी नाही," मी म्हटलं. "फीत मी हिचं हसं व्हावं म्हणून हलवली."

मग मी सगळं सांगितलं, भिंगापासून. बाकावरून उठून स्तोत्र म्हणणार होते तेही सांगितलं. दीर उठून बाहेर गेले. धाकटी तिथेच बसली होती, पण तिने हात सासूबाईंच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"बाबांच्या पेटीसमोर?" ती म्हणाली. माईकवरचा आवाज नव्हता तो, जेमतेम ऐकू येणारा होता.

"हो."

ती उठली आणि आत गेली.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता घराबाहेर काढतील. "मला काय वाटेल याचा विचार आला नाही तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "मग तूही चोरच." आणि पुढे, "पण कुलूप उघडलं बाई माझं. ते आता नाही कसं म्हणू?"

पाळक निघताना मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले आणि चर्चची किल्ली पुढे केली. ते म्हणाले, "ही मला देऊ नका. ज्यांचा अपराध केलात त्यांना द्या."

धाकटी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. एका स्वयंपाकघरात दोन बाया न बोलता किती कामं करू शकतात ते आम्ही करून दाखवलं. शनिवारी संध्याकाळी ती भांडी पुसत होती तेव्हा मी किल्ली ओट्यावर ठेवली. म्हटलं, "कापड तू घाल उद्यापासून. पुस्तक पण तूच पूस. माझ्या हातात राहायला नको ते."

ती पातेलं पुसत राहिली. आतून, बाहेरून, बुडाला.

"पाळकांनी उद्याचं काय दिलंय?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"सांगितलंय त्यांनी." तिने पातेलं पालथं घातलं आणि किल्ली माझ्याकडे सरकवली. "कापड तुम्हीच घाला, वहिनी. तुमच्याइतकी टोकं मला सारखी करता येत नाहीत."

"आणि मी परत फीत हलवली तर?"

"तर जिथे निघेल तिथलं वाचीन," ती म्हणाली. "त्यात दगा देणारं पान आहे कुठलं? तुम्ही इतकं शोधून काढलंत, सापडलं का?"

राग तिचा गेला नव्हता, ते तिच्या आवाजात कळत होतं, आणि तरी ती मला किल्ली देत होती. मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी मी कापड घातलं, चारी टोकं सारखी केली. फीत होती तिथेच राहू दिली. मग पहिल्या बाकावर सासऱ्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले, कारण सासूबाईंनी तिकडेच बोट दाखवलं. धाकटी मेजापाशी गेली. तिने पुस्तक उघडलं, आणि तिचा पहिला शब्द स्वच्छ, सगळ्या चर्चभर आला. पोटात दुखलं. तेवढ्यात गेलं असं मी म्हणणार नाही. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की माझी मान पुढे झुकली आहे आणि उजवा हात कानामागे गेलाय. माझे कान चांगले आहेत. तरी तो हात मी वाचन संपेपर्यंत खाली घेतला नाही.